ऐंशी रिकाम्या पिशव्या

दिगू,

तुझी साताऱ्याची खोली परवा रिकामी केली. मालकीणबाई म्हणत होत्या, महिनाभर राहू द्या, घाई नाही. पण घाई मला होती. जाताना मी यादी करूनच नेली होती: घरी काय आणायचं, तिथल्या तिथं कुणाला काय द्यायचं, काय टाकायचं. स्टोव्ह आणि दोन पातेली मालकीणबाईंना. पुस्तकं तुझ्या कॉलेजला. चार शर्ट, आप्पांचा फौजी कोट, भिंग, वजनकाटा, लाल आणि पांढऱ्या लोकरीची गुंडी. एकोणचाळीस वस्तू झाल्या. सगळ्यांपुढे खूण केली, आणि कुलूप लावायला दार ओढलं तर दारामागच्या खिळ्याला ती तार.

ती माझ्या यादीत नव्हती.

तारेत दोनशे बारा चिठ्ठ्या. एक ते दोनशे बारा, क्रमानं ओवलेल्या. अक्षर तुझं, क्रम माझा. वर्षभर तू ती दारामागं टांगून ठेवलीस. रोज दार लावताना दिसत असणार. का ठेवली होतीस, रे? मला शिक्षा म्हणून ठेवली असतीस तर सांगलीला आणून माझ्या डोळ्यांसमोर लावली असतीस. तसा तू नव्हतास. मग का, हे आता कळायला मार्ग नाही.

पेपरात बातमी दिली तेव्हा तुझ्या दाजींनी तुझ्या नावामागं 'प्राध्यापक' लिहिलं. मी खोडलं नाही. तू म्हणाला असतास, "अक्का, तासावर पैसं मिळत्यात मला. प्राध्यापक कशाचा?" राहू दे तेवढं खोटं. बातमीत बाकी सगळं खरं होतं, पण तुला ज्याच्यासाठी जगायचं होतं त्याचा त्यात उल्लेख नव्हता. तीन ओळींत ते बसलंही नसतं. म्हणून इथं लिहिते.

ते सगळं आमच्या सांगलीच्या स्वयंपाकघरात सुरू झालं. गव्हात मिसळून दळायला मी सोयाबीन निवडत होते. आप्पांनी कडेगावाकडच्या आपल्या रानातलं पाठवलं होतं. माझी सवय तुला माहीत आहे. चांगले दाणे सुपात, तपकिरी डाग पडलेले बाजूच्या ताटलीत. तू साताऱ्याहून आलास, पिशवी ठेवलीस, आणि चहाच्या आधी त्या ताटलीतच बोटं घातलीस.

"अक्का, हे टाकाय काढलंस व्हय?"

"डागी हायत. पीठ काळपट हुतं."

"अगं, ह्यातच तर समदी गंमत हाय." तू एक दाणा माझ्या नाकासमोर धरलास. "सोयाबीन मुळात काळंच असतंय. पिवळं म्हंजी गप्प केल्यालं. बघ, डोळ्यापाशी अजून काळा हाय का न्हाई? तेवढ्यालाच बोलाय मुभा."

"कुणी गप्प केलं?"

"झाडानंच."

मग तू जमिनीवर मांडी घालून मला ते जावांचं घर समजावलंस. रंग तयार करायला एक जनुक लागतं, पण ते एकटं नसतं. सात-आठ जणांचं कुटुंब असतं, सगळी एका तोंडवळ्याची. "एका घरात सात जावा हायत समज. परत्येक जण सैपाकघरात चिठ्ठी धाडती, रंग करा म्हणून. त्या चिठ्ठीला म्हणायचं आरएनए."

"सैपाकघरात चिठ्ठी कशाला? तोंडानं सांगावं की."

"ऐक की, बाई! त्यातल्या दोघी तोंडाला तोंड लावून हुब्या हायत. त्यांच्या चिठ्ठ्या एकमेकींस्नी चिकटत्यात. असली जोडचिठ्ठी दिसली की झाड बिथरतं. म्हणतं, ह्यो आपल्या घरातला कागद न्हवं. ती तर फाडतंच, वर तसल्या अक्षराची जी जी चिठ्ठी घावंल तीबी फाडतं. सातीजणींची! जावा लिवत्यात, रोज लिवत्यात, पर सैपाकघरात एक पोचंल तर शपथ."

"आन् सासू न्हाई व्हय त्या घरात?"

"मग चिठ्ठ्या कोण फाडतंय असं वाटतंय तुला?"

मी इतकी हसले की सूप कलंडलं. दाजी बाहेरून विचारायला आले, काय झालं म्हणून.

मग डागांचं. मावा किडीबरोबर रोग येतो, पानं आक्रसतात, कुठं गडद कुठं फिकट होतात. त्या रोगाचा विषाणू म्हणजे पाव्हणा. त्याच्याही चिठ्ठ्याच असतात आणि झाड त्या फाडायला धावतं. "तर ह्यो पाव्हणा सासूचं हातच धरून ठेवतो. तेवढ्यात जावांच्या चिठ्ठ्या पोचत्यात. जिथं पोचल्या तिथं डाग."

असं सांगून झालं की तू दर वेळी म्हणायचास, "हे अजून सिद्ध न्हाई हां अक्का. माझा अंदाज हाय." परदेशात कुणी पेटुनियाच्या फुलात रंगाचं जनुक जास्तीचं घातलं, फुलं गडद होतील म्हणून, तर ती पांढरी निघाली. तो लेख तू कुठून तरी झेरॉक्स करून आणला होतास. दुमडून दुमडून त्याच्या घड्या फाटल्या, तरी तो चिकटपट्टी लावून वापरायचास. तुझं म्हणणं एवढंच होतं की त्यांनी जे मुद्दाम घडवलं ते आपल्या बांधावर आपोआप घडतंय, आणि बायका ते सुपातून पाखडून टाकतात. सातांपैकी कोणती जाऊ कुठं बोलते, साल कुणामुळं रंगते, पान कुणामुळं, फूल कुणामुळं, हे एकेकीचं नाव घेऊन सांगता आलं पाहिजे. एरवी सगळ्या सारख्या दिसतात. गप्प केल्यावरच कळतं, कोण काय करत होतं.

हे शेवटचं वाक्य तेव्हा मी नुसतं ऐकलं.

पुण्याच्या सरांनी तुझं ऐकून घेतलं, हेच तुला मोठं वाटलं होतं. त्यांच्या प्रयोगशाळेत पीएच.डी.ची एक जागा होती. त्यांची अट साधी होती. एकाच वाणाची निरोगी आणि रोगट झाडं घ्यायची. प्रत्येक झाडाच्या कोवळ्या शेंगा क्रमांक घालून पुण्याच्या गोठणपेटीत ठेवायच्या. त्याच क्रमांकाच्या झाडाचं पिकलेलं बी वेगळं राखायचं. बी सांगणार, कोणतं झाड बोललं आणि कोणतं गप्प राहिलं. मग त्या क्रमांकाच्या गोठलेल्या शेंगांतल्या दाण्यांची साल काढून तिच्यातल्या चिठ्ठ्या वाचायच्या. हे जमलं तर जागा तुझी. वय तिशीच्या पुढं गेलं होतं आणि दुसरीकडून कुठून विचारणा नव्हती.

आप्पांनी उसाच्या कडेची दोन गुंठे जागा दिली. देताना म्हणाले, "पंचवीस वर्सं शिकलास, आन् आता झाडाला रोग लावतूस? लोक बरं करत्यात, गड्या." तरी रोज सायंकाळी ते काठी टेकत जाऊन त्या दोन गुंठ्यांवर नजर टाकून यायचे. तू थर्मासात बर्फ आणि मीठ भरून, शेंगा घेऊन एसटीनं पुण्याला जायचास. कंडक्टर विचारायचा, कुल्फी हाय का. दोनशे बारा झाडांच्या शेंगा पोचल्या. दसऱ्याच्या सुमारास काढणी केलीस. प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या कागदी पुडीत, आत पेन्सिलीनं क्रमांक लिहिलेली चिठ्ठी. गावाकडच्या घरात उंदीर फार, म्हणून पुड्यांची दोन खोकी माझ्याकडे सांगलीला ठेवलीस. "दिवाळीच्या सुट्टीत येतो अक्का, मग एकेक पुडी सोडून रंग बघून वहीत चढवतो."

कॉलेजात परीक्षेचं काम निघालं. तू चार दिवस उशिरा येणार असं कळवलंस.

आणि मी तुला मदत केली.

हे मी कुणालाही पूर्ण सांगितलेलं नाही. शाळेच्या ऑफिसात मी वीस वर्षं लिपिक आहे. कपाटात ढीग दिसला की माझा हात थांबत नाही. दिवाळीची साफसफाई चालली होती. पुड्यांना किडे लागतील असं वाटलं. तुला रंग बघायचा होता, हे माहीत होतं. म्हणून मी दुपारभर बसून दोनशे बारा पुड्या सोडल्या. दाण्यांना ऊन दाखवून ते निवडले. तीन डबे केले. डागी, थोडे डागी, नितळ. डब्यांवर चिकटपट्टी लावून ठळक अक्षरात नावं लिहिली. कागद रद्दीत घातले. चिठ्ठ्या मात्र टाकल्या नाहीत. कागदावर आकडा लिहिलेला असला की मी टाकत नाही. क्रमानं लावून बिलांच्या तारेत ओवल्या.

तू आलास तेव्हा मी चकल्या तळत होते. डबे फडताळात एका ओळीत ठेवले होते. मीच तुला दाखवायला घेऊन गेले, कौतुकानं.

तू पहिला डबा उघडलास. दुसरा उघडलास. तिसऱ्याचं झाकण नुसतं हातात धरलंस. मला वाटलं, तुला काम आवडलं.

"अक्का, पुड्या?"

"रद्दीत. चिठ्ठ्या हायत जपून."

तू तार हातात घेतलीस. बोटानं एक, दोन, तीन चिठ्ठ्या उलटल्यास. नंतर भिंतीला टेकून खाली बसलास आणि हसलास. ते हसू मला तेव्हा वाचता आलं नाही.

"झाड चिठ्ठ्या फाडतं. तू फाडल्या तर न्हाईस. वळीनं लावल्यास. झाडापरास तू बरी."

मला कळायला बराच वेळ लागला. कळल्यावर मी काय केलं? मी म्हणाले, "पुडीवर वरनं लिहायचं हुतंस. आत चिठ्ठी घातल्यावर कुणाला दिसायची?" कढईतलं तेल धुरायला लागलं होतं, ते निमित्त करून उठले. चूक झाली, हे मी म्हणाले नाही. त्या दिवशी नाही, नंतरच्या वर्षभरात नाही. तू वाट बघत होतास का? तसं वागण्यात दिसलं नाही. जेवताना चकल्यांचं कौतुक केलंस. माझ्या स्वभावाला तू कधीही नावं ठेवली नाहीस, आणि म्हणून त्यातली खोट मलाही कधी दिसली नाही.

आणखी एक आहे. ते लिहिण्यासाठीच हा कागद घेतला आहे.

त्या दिवशी टेबलावर एक अर्ज होता. आमच्या शाळेत विज्ञान शिक्षकाची कायम जागा निघणार होती. बी.एड. तू माझ्याच हट्टानं केलं होतंस. अर्ज मी आणून, सही सोडून सगळा भरून ठेवला होता. आपला वाद त्यावरूनच होता, किती वर्षं चाललेला. मी म्हणायची, कायम नोकरी घे, मग हवं ते कर. तू म्हणायचास, कायम झाल्यावर माणूस हवं ते करत न्हाई. तर तू भिंतीला टेकून बसलेला असताना, तो अर्ज दिसला आणि मला बरं वाटलं. अगदी क्षणभर. बरं झालं, आता हा सांगलीला येईल. संध्याकाळी घरी जेवेल. त्याचं लग्न करू.

पुड्या मी जाणून मिसळल्या नाहीत, दिगू. देवाशपथ नाही. पण मिसळल्या गेल्यावर मला बरं वाटलं, हे खरं आहे. तू भिंतीपाशी बसून माझ्या तोंडाकडे बघत होतास. तुला ते दिसलं असेल का, या एका प्रश्नानं मला झोप नाही.

अर्जावर तू सही केली नाहीस. पुण्याला गेलास. सरांना काय सांगितलंस ते सरांनी मला आता पत्रात कळवलं: "माझ्या निष्काळजीपणामुळे बियाणे मिसळले." माझं नाव घेतलं नाहीस. त्यांनी आणखी एक हंगाम दिला. एकच.

या वर्षी तू कमी झाडं घेतलीस, ऐंशी. चाळीस झाडांच्या पानांवर रोगट पानांचा रस वाळूच्या बारीक पुडीबरोबर चोळलास. त्यांना लाल लोकर बांधलीस. चाळीस निरोगी, त्यांना पांढरी. निरोग्यांवर मावा बसू नये म्हणून आमची जुनी मच्छरदाणी मागून नेलीस. मी धुऊन, भोकं शिवून दिली. तेवढं तरी नीट केलं. आप्पा गावात सांगत सुटले, "आमच्या दिगूनं सोयाबीन मच्छरदाणीत निजवलंय. माझ्या खाटंला न्हाई, पर त्याला हाय." शेंगा कोवळ्या असताना दोन खेपांत पुण्याला पोचवल्यास. आता फक्त पिकायचं राहिलं होतं.

एक दिवस सकाळी नवाच्या सुमारास मच्छरदाणीची दोरी ताणायला तू खाली बसलास. नंतर म्हणालास की कुणाच्या घरात कुकरची शिट्टी झाली असं वाटलं. घोणस होती. उसातून आली होती. उजव्या पोटरीला.

आप्पांनी जीप मिळवली, सांगलीला आणलं. डॉक्टरांनी जे करायचं ते सगळं केलं. मी रोज विचारून वहीत लिहून घेत होते: लघवी किती, रक्त कधी काढलं, मूत्रपिंडांसाठी मशीन किती वेळ लावलं. नऊ दिवसांची वही आहे. आकडे रोज वाईट होत गेले. ते वाचता येण्याइतकं मला कळत होतं, आणि तुलाही.

तिसऱ्या दिवशी तू बरा वाटत होतास. शर्टाच्या खिशात लोकरीचं गुंडं तसंच होतं. म्हणालास, "अक्का, मलाबी लाल धागा बांध. लागण झाल्यालं झाड हाय मी."

"गप्प बस."

"न्हाई, खरं. नंबर एक्क्याऐंशी."

"गप्प बस म्हणलं ना!"

मग तू काढणीचं सांगितलंस. दसऱ्याच्या आसपास शेंगा वाळतील. एकेक झाड वेगळं कापायचं, एकेक पिशवीत घालायचं. "आन् अक्का, मिसळू नगंस बरं का." तू डोळे मिचकावलेस. वर्षभरात त्या गोष्टीचा उल्लेख तू त्या एका वेळी केलास, आणि तोही थट्टेत, मला हलकं वाटावं म्हणून. तेव्हा बोलायला हवं होतं. जागा होती, वेळ होता, आप्पा चहाला गेले होते. माझ्या तोंडातून निघालं, "पिशव्या कापडाच्या शिवते. वरनं नंबर टाकते."

"ब्येस," तू म्हणालास.

मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून त्या शिवल्या. जुन्या परकरांचं कापड. धोब्याच्या शाईनं नंबर, तोंडाला नाडी. लाल झाडांच्या पिशव्यांना लाल टाका, पांढऱ्यांच्या पांढरा. आठव्या दिवशी ऐंशी पुऱ्या झाल्या. तुला दाखवायला आणल्या तेव्हा तू भ्रमात होतास. कॉलेजातल्या कुणाला तरी पेटुनियाचं सांगत होतास, मोठ्यानं. नर्स बघायला लागली. मी तुझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "गप्प पड जरा, दिगू."

तू ऐकलंस. त्यानंतर तू बोलला नाहीस. माझं सगळं आयुष्य तुला गप्प बस म्हणण्यात गेलं, आणि तू कधी बसला नव्हतास.

तेरावा झाला. मी पिशव्या आणि विळा घेऊन रानात गेले. दोन गुंठे मोकळे होते. नुसते धसकटांचे ठिपके.

बांधावरून बाबूनाना लगबगीनं आले. आपल्या शेजारचं रान त्यांचं. "अक्के, काळजी करू नगंस. तुमच्या घरात सुतक, रानात पाय टाकायला कोण न्हाई. शेंगा तडकाय लागल्या हुत्या, दाणं मातीत चाललं हुतं. आमी समद्यांनी मिळून तुमचं काढून दिलं. उसाकडंचंबी आन् वरच्या पट्टीचंबी. मळून, पोती भरून आप्पांच्या पडवीत लावलीत. मजुरी कुणी घेतली न्हाई बरं का. आपल्या दिगूचं रान हुतं."

"सगळं एकत्र मळलं, नाना?"

"मग? येकाच मशिनीत. ती जाळी तेवढी कापावी लागली, लय घट्ट बांधली हुती पोरानं."

दुःखाच्या घरचं पीक गावानं काढून द्यायचं, ही आपल्याकडची रीत. आईच्या वेळी याच लोकांनी आपला भुईमूग काढला होता. तू तेव्हा सहा वर्षांचा होतास. मी नानांच्या तोंडाकडे पाहिलं. ते वाट बघत होते. दिवाळीत डबे दाखवताना माझं तोंड असंच दिसलं असणार.

"लय बरं केलंत, नाना," मी म्हणाले.

तेव्हा मला कळलं, भिंतीला टेकून तू का हसला होतास.

भुसकटाच्या ढिगात मी दुपारपर्यंत बसले. लोकरीचे धागे शोधले. लाल सव्वीस मिळाले, पांढरे एकोणतीस. बरेचसे तुटलेले होते, पण काहींची गाठ अजून तशीच होती, आतलं झाड तेवढं गेलेलं. आप्पा काठी टेकत आले, शेजारी बसले. म्हणाले, "बर्फात अठरा म्हैनं काढलं मी. गोळ्या अंगावरनं गेल्या. मला काय झालं न्हाई. आन् ह्यो दोन गुंठ्यांत गेला." मग एक लाल धागा उचलून विचारलं, "अक्के, ह्यो जे शोधत हुता ते घावलं का मग?"

मी म्हणाले, "होय आप्पा. घावलं."

त्यांच्याशी खोटं बोलायची माझी ही पहिलीच वेळ.

पडवीतल्या पोत्यांतून मी पायलीभर सोयाबीन सांगलीला आणलं. सुपात ओतलं. हात सवयीनं डागी दाणे एका कडेला सारू लागला. भरपूर निघाले, दिगू, मागच्या वर्षीपेक्षा जास्त. डाग ठळक, घोड्याच्या खोगिरासारखे. तुझा अंदाज खरा असावा. पण कुठल्या झाडाचा कुठला दाणा, हे सांगणारं आता पृथ्वीवर कुणी नाही. तू असतास तरी तुलाही सांगता आलं नसतं. मी सगळे दाणे पुन्हा एकत्र केले आणि सूप तसंच ठेवून उठले.

पुण्याच्या सरांचं पत्र आलं आहे. चांगलं पत्र आहे, चार ओळी जास्तीच्या लिहिल्या आहेत तुझ्याबद्दल. तुझी कल्पना त्यांना फार आवडली होती. ज्या वाटेनं तू निघाला होतास त्या वाटेवर पुढं लोक येतील असं त्यांना वाटतं. येतील. त्यांच्याकडे गोठणपेटीही असेल आणि पुड्या सोडणारी बहीण नसेल. शेवटी त्यांनी विचारलं आहे की दोन्ही वर्षांचे मिळून दोनशे ब्याण्णव नमुने पेटीत आहेत, नवीन विद्यार्थ्याला जागा लागते, तर त्यांचं काय करावं, घरच्यांनी कळवावं.

शाळेत सध्या सगळ्यांना दोन हजार सालाची काळजी आहे. नव्या रजिस्टरांवर छापलेलं एकोणीस खोडून वीस करावं लागणार. ते काम माझ्याकडेच आहे. मी ते करते आहे, रोज पन्नास पानं. काम करताना बरं वाटतं असं लोक म्हणतात. तसं काही नाही. वेळ जातो, एवढंच.

सरांना उत्तर आठवडाभर लिहिता आलं नाही. दोनशे ब्याण्णव झाडांच्या चिठ्ठ्या त्या पेटीत अजून शाबूत आहेत, न फाटलेल्या, बर्फात. त्या कुणी वाचल्या तरी कोणत्या झाडानं दाण्यावर डाग उमटवला ते कळणार नाही. ते दाण्यांना माहीत होतं, आणि दाणे दोन्ही वेळा मायेच्या माणसांनी एकत्र केले.

आज सकाळी लिहिलं. आधी लिहिलं की पहिल्या वर्षीचं बियाणं माझ्या भावाच्या निष्काळजीपणानं मिसळलं नव्हतं, मी मिसळलं होतं, आणि हे आपल्या नोंदीत दुरुस्त व्हावं. मग लिहिलं, नमुने टाकून द्यावेत.

पत्र टपालपेटीत टाकून आले. ऐंशी पिशव्यांची घडी घातली, एकपासून, आणि वर तुझी तार ठेवली. मग यादी काढली. साताऱ्याची खोली, कॉलेजचा हिशेब, दवाखान्याची कागदपत्रं, रान, पुण्याचं पत्र. शेवटच्या ओळीवर रेघ मारली. काही राहिलं का म्हणून पान उलटून पाहिलं.

काही नव्हतं. कोरं होतं.

अक्का